चषक त्यांचा, घसा आपला : फुटबॉल समर्थकांनी नुसतं ओरडायचं का?

रंकाळा_वारा

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून ज्यांनी दुपारचं ऊन डोक्यावर घेतलंय, मुख्यतः त्यांच्यासाठी हा धागा. पण पुणे, मुंबई, गोवा, परदेश, कुठलेही असा. एखाद्या संघापायी झोप घालवली असेल तर जरूर लिहा.

"खेळात राजकारण आणू नका" हे परवा पुन्हा ऐकलं, मॅच सुटल्यावर चहाच्या गाड्यावर. बोलणारा माणूस चांगला, वर्षानुवर्षं एकाच संघाच्या मागे उभा राहिलेला. तरी मला ते पटत नाही. आपल्याकडचे संघ तालमींचे आणि पेठेतल्या मंडळांचे आहेत. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ. गणपती तेच बसवतात, शिवजयंती तेच करतात आणि फुटबॉलचा संघही तेच उतरवतात. निवडणूक लागली की उमेदवार पहिल्यांदा तालमीच्या कट्ट्यावर येऊन बसतो. स्पर्धांची नावं तरी बघा: सतेज चषक, अटल चषक, महापौर चषक. केएसएचे (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) अध्यक्ष मालोजीराजे माजी आमदार, त्यांचे वडील शाहू छत्रपती २०२४ पासून खासदार. यात लपवण्यासारखं काही नाही. इथली कुस्ती राजाश्रयावर वाढली, खासबागेचं मैदान शाहू महाराजांनी बांधलं म्हणून उभं आहे. फुटबॉलला कुणाचा तरी आधार लागणारच.

माझा प्रश्न पुढचा आहे. पुढाऱ्याला व्यासपीठ मिळतं, संघाला बक्षीस मिळतं, खेळाडूला मानधन मिळतं. आपण तिकीट काढतो, वर्गणी देतो, घसा बसेपर्यंत ओरडतो, प्रसंगी पोलिसांच्या काठ्याही खातो. आपल्याला कोण विचारतं? आणि आपण तरी कधी काय मागितलं? फायनलचं बक्षीस किती ते आपल्याला पाठ असतं. त्या फायनलमध्ये ज्याचा गुडघा गेला त्याचं पुढे काय झालं, ते कुणाला माहीत नसतं.

माझ्या गल्लीतला एक मुलगा. त्याचं नाव लिहीत नाही, संघाचंही नाही. उजवीकडून खेळायचा. बचावपटूला आत ओढायचा आणि बाहेरून निसटायचा. त्या एका वळणावर अख्ख्या पायऱ्या उठून उभ्या राहायच्या. एका मॅचला बूट मातीत रुतला, कंबर वळली, गुडघा जागेवरच राहिला. लिगामेंट तुटली. ऑपरेशनला घरच्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं. संघाची माणसं फळं घेऊन आली, फोटो काढून गेली, आणि पुढच्या हंगामात त्याच्या जागेवर बाहेरचा खेळाडू आला. आज तो घरोघर पार्सल पोचवतो आणि जिना उतरताना कठडा धरतो. अजून तिशीही गाठलेली नाही त्यानं.

चषकाच्या पैशातून खेळाडूंचा विमा आधी आणि फटाके नंतर, एवढं तरी आपण म्हणायचं की नाही?

तांबडा_रस्सा

दादा, मुद्दा बरोबर हाय. पण चषकांवर बोट ठेवताना जरा जपून. केएसए लीग झाली की पुढचा हंगाम चषकांवरच चालतोय. ते बंद झालं तर एप्रिल-मेमध्ये आम्ही बघायचं काय, आणि पोरांनी खेळायचं कुठं?

माझ्या वर्गातलं एक पोरगं दिवसा गोकुळ शिरगावला कारखान्यात असतंय आणि पहाटे प्रॅक्टिसला. हंगामाचं मानधन आलं तेव्हा त्यानं घरात फ्रीज घेतला. आईनं त्या फ्रीजला हार घातलेला मी डोळ्यानं बघितलाय. ते पैसे कुठल्या पक्षाच्या माणसाकडनं आले ते त्या आईनं कशाला विचारायचं? नेता आपलं नाव लावतोय, लावू दे. त्याच्या बदल्यात शे-दोनशे घरांत थोडंफार काही येतंय.

विम्याचं मात्र शंभर टक्के मान्य. त्याच्यावर कुणी नाही म्हणणार न्हाय.

पीटीचे_सर

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो, त्यामुळे लहान मुलांच्या बाजूनं लिहितो.

चषकाचा पैसा वाईट नाही, पण तो फळावर खर्च होतो, मुळावर होत नाही. मोठ्या बक्षिसामुळे जिंकायची घाई होते. घाईपोटी बंगालमधून, आफ्रिकेतून तयार खेळाडू येतात. ते चांगले खेळतात, इथल्या मुलांना त्यांच्याकडून शिकायलाही मिळतं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सोळा-सतरा वर्षांचा स्थानिक स्ट्रायकर बाकावर बसतो तो बसतोच. दोन हंगाम बाकावर काढले की घरचे म्हणतात, पुरे आता.

अनिकेत जाधव आठवा. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. वडील रिक्षा चालवायचे, हे तेव्हा सगळ्या पेपरांत छापून आलं होतं. पण तो घडला पुण्यात. कोल्हापूरनं त्याला चेंडूचं वेड दिलं, शिस्तीचं प्रशिक्षण बाहेर जाऊन घ्यावं लागलं. ज्या शहरात फुटबॉलसाठी इतकी माणसं जमतात, त्या शहरात दहा वर्षांच्या मुलाला आठवड्यातून चार दिवस चांगला प्रशिक्षक मिळू नये, हे मला बोचतं.

शाळेच्या मैदानांची तर दैना आहे. पार्किंग, लग्नाचे मांडव, सभा. मांडव निघाल्यावर जमिनीत खिळे राहतात. सराव सुरू करण्याआधी मी मुलांना रांगेत उभं करून खिळे वेचायला लावतो.

केशरी_पुणे

कोल्हापूरकरांनो, तुमच्याकडे काय आहे ते तुम्हाला कळत नाही असं वाटतं मला.

मी पुणे एफसीचा समर्थक होतो. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, आम्ही चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरे आलो. बालेवाडीला मोजकेच लोक असायचे, पण ढोल घेऊन यायचे. २०१५ मध्ये मालकांनी संघ बंद केला. मग डीएसके शिवाजीयन्स आला, दोन हंगाम आय-लीग खेळला आणि संपला. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) एफसी पुणे सिटी होता, नारंगी जर्सी होती, आमची ऑरेंज आर्मी होती. २०१९ मध्ये तोही गेला आणि लीगमधली आमची जागा हैदराबादला मिळाली. २०२५ मध्ये हैदराबादचा संघ उचलून दिल्लीला नेला. माझ्या कपाटात तीन संघांच्या जर्सी आहेत. मुलगा विचारतो, बाबा, यांची मॅच कधी असते?

पुढाऱ्याच्या पैशाला तुम्ही घाबरता. कंपनीचा पैसा बघा. ताळेबंदात बसलं नाही की एका पत्रकानं संघ बंद. कुणाला विचारणं नाही, सांगणं नाही. तालीम कुणाला बंद करता येत नाही, कारण ती कुणा एकाची नाही. नेता बदलेल, पक्ष बदलेल, पाटाकडील उद्याही असेल. माझ्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट आहे.

कूपरेज_गेट

वय सत्तरीच्या पुढे आहे, त्यामुळे थोडं मागचं सांगतो. मूळ धाग्यातल्या गुडघ्याच्या गोष्टीशी त्याचा संबंध आहे.

मुंबईत आम्ही रोव्हर्स कप बघायला कूपरेजला जायचो. ही स्पर्धा १८९१ पासूनची. तेव्हाचे मुंबईचे संघ कुणाचे होते? मफतलाल, टाटा, ओर्के मिल्स, एअर इंडिया, नंतर महिंद्र. म्हणजे खेळाडू हा आधी नोकरदार असायचा. संध्याकाळी सराव, सकाळी हजेरी. गुडघा गेला तर खेळ सुटायचा, पगार सुटत नव्हता. निवृत्तीपर्यंत टेबल, खुर्ची, प्रॉव्हिडंट फंड. नागपाड्यातल्या, धारावीतल्या कितीतरी मुलांची घरं त्या नोकऱ्यांवर उभी राहिली. विमा हा शब्दही तेव्हा कुणी काढत नव्हतं, कारण नोकरीच विमा होती.

मग गिरण्या गेल्या. क्रीडा कोट्यातली भरती आटत गेली. २०१० मध्ये महिंद्र युनायटेड बंद झाला त्या दिवशी मी जेवलो नाही. आता व्यावसायिक करार आले, मोठ्या खेळाडूंना मोठे पैसे आले, ते चांगलंच झालं. पण मधल्या फळीतला जो मुलगा आहे, देशाकडून कधीच न खेळणारा, पण जिल्ह्यात नाव असलेला, त्याच्या पायाखालची फळी काढून घेतली ती कुणी परत ठेवली नाही. राजकारणाबद्दल बोलायचं तर हे बोला. भरती का बंद झाली, ते विचारा. चषकाला कुणाचं नाव आहे हा फार लहान प्रश्न आहे.

तांबडा_रस्सा

काका, हे कुणी सांगितलंच नव्हतं आम्हाला. क्रीडा कोट्यातनं भरती म्हटलं की आमच्या पोरांना पोलीस आणि रेल्वे एवढंच माहीत.

सई_को

सगळे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट कुणीच लिहिली नाही.

मी लहान असताना वडिलांच्या बरोबर मॅचला जायची. त्यांचा हात धरून पायऱ्यांवर बसायचं, गोल झाला की ते मला खांद्यावर घ्यायचे. सातवी-आठवीत गेल्यावर ते म्हणाले, आता नको. कारण काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. शिव्या, रेटारेटी, मॅच संपल्यावर दगडफेक. पेपरात "हुल्लडबाजी" म्हणून छापून येतं आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. मी विसरले नाही, कारण माझं बघणं तिथे थांबलं. दुसऱ्या एका शहरातल्या मैदानावर नंतर गेले तर बायकांसाठी साधं स्वच्छतागृह उघडं नव्हतं. किल्ली कुणाकडे आहे ते कुणाला माहीत नव्हतं.

तांबडा_रस्सा, तू पेठापेठांतल्या ईर्ष्येच्या बाजूनं बोलशील म्हणून आधीच लिहिते. मलाही ईर्ष्या आवडते. मंगळवार पेठेत वाढलेय मी. पण समोरच्या संघाच्या आईबहिणीवरून घोषणा दिल्याशिवाय आपला संघ जिंकत नाही, असं थोडंच आहे?

आणि भारतीय फुटबॉलमधली सध्याची सगळ्यात मोठी गोष्ट मुलींनी केलीय. ५ जुलै २०२५ ला थायलंडमध्ये जाऊन थायलंडलाच २-१ हरवलं आणि आशियाई कपसाठी पात्र ठरल्या. पात्रता फेरी जिंकून तिथे पोचायची भारताची ती पहिलीच वेळ. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. कोल्हापूर सिटी नावाचा मुलींचा संघ भारतीय महिला लीग खेळून आलाय, हे आपल्या किती तालमींना माहीत आहे? चषकाच्या पैशाचा हिशेब मागणार असाल तर मुलींच्या गटाचाही मागा.

मडगांवकर

सईताईंना पूर्ण अनुमोदन.

गोव्याकडून सांगतो. आमच्याकडे धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग हे क्लब होते आणि अजून आहेत. धेंपोनं पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. खाणवाल्या घराण्यांचा पैसा होता, पण क्लब गावाला आपले वाटायचे. २०१६ मध्ये तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले, कारण आयएसएल वर ठेवणाऱ्या नव्या रचनेत त्यांना वर चढायला शिडीच ठेवली नव्हती. शंभर मैलांवरच्या कुणीतरी कागदावर नकाशा काढला आणि आमच्या गावचे क्लब त्यात बसले नाहीत. याला मी राजकारण म्हणतो.

तरी गोव्यात फुटबॉल मरत नाही, कारण तो वाड्यावाड्यात आहे. चर्चच्या फेस्ताला स्पर्धा, पावसाळा संपला की भाताच्या कापलेल्या शेतात स्पर्धा. ब्रह्मानंद संखवाळकरांसारखा गोलरक्षक ह्याच मातीतला, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना.

१४ ऑक्टोबर २०२५ ची रात्र मात्र जात नाही डोक्यातून. फातोर्ड्याला सिंगापूरनं आपल्या पुरुषांच्या संघाला २-१ हरवलं आणि आशियाई कपची दारं बंद झाली. छांगटेनं सुरुवातीला सुंदर गोल मारला होता. मॅच संपल्यावर माझ्या बाजूचा म्हातारा उठेचना. नंतर नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशकडूनही हरलो आणि क्रमवारीत १४२ वर घसरलो. दोन वर्षांपूर्वी आपण १०२ वर होतो.

रंकाळा_वारा

मडगांवकर, ती मॅच आम्ही तालमीत स्क्रीन लावून बघितली. शेवटच्या शिट्टीनंतर टीव्ही बंद करायलाही कुणी उठलं नाही.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं बघा ना. आपले गोंदियाचे प्रफुल्ल पटेल २००९ ते २०२२ अध्यक्ष होते. मुदत संपली तरी निवडणूक झाली नाही, शेवटी सर्वोच्च न्यायालयाला हात घालावा लागला, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये फिफानं आपल्यावर बंदी आणली. दहा-अकरा दिवसांत उठली, पण नाचक्की व्हायची ती झाली. मग निवडणूक झाली: भाईचुंग भुतियाला एक मत, कल्याण चौबेंना तेहतीस. देशातल्या सगळ्यात लाडक्या फुटबॉलपटूला एक मत! मत देणारे कोण, तर संघटनांचे पदाधिकारी. समर्थकांना त्यात कुठेच जागा नाही. डिसेंबर २०२५ मध्ये व्यावसायिक भागीदाराशी असलेला करार संपला, आयएसएल फेब्रुवारीपर्यंत लांबली, खेळाडू घरी बसून. मँचेस्टर सिटीची मालक कंपनी मुंबई सिटीमधून निघून गेली. या सगळ्यात कुणी एकदा तरी म्हणालं का, जे तिकीट काढतात त्यांना काय वाटतं ते विचारू या?

सडेतोड_को

कडवट लिहितोय, पण मनापासून.

हे सगळं वाचायला छान आहे, होणार काही नाही. कारण कोल्हापूरचा समर्थक आधी पेठेचा आणि मग फुटबॉलचा. दोन पेठांची पोरं एका टेबलावर बसून पत्र लिहितील? मॅच सुटल्यावर एका रस्त्यानं घरी जात नाहीत ती. पोलिसांना दोन्हीकडची पोरं वेगवेगळ्या गेटनं बाहेर काढावी लागतात. आणि हे नेत्यांना सोयीचंच आहे. पेठा वेगळ्या राहिल्या की वेगवेगळे बोलावता येतात. नोव्हेंबर २०२० पासून जानेवारी २०२६ पर्यंत महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासक होता. त्या पाच वर्षांत मैदानासाठी एक तरी एकत्र मोर्चा निघाला का? निवडणूक लागली तशी त्याच पोरांनी वेगवेगळ्या रंगांचे झेंडे घेतले.

जे मला दिसतं तेच लिहिलंय. चुकीचं ठरलं तर सगळ्यात जास्त आनंद मला होईल.

साल्टलेक_जोशी

सडेतोड, तुम्हाला कोलकात्याची एक संध्याकाळ सांगतो. नोकरीनिमित्त इथे आलो त्याला बरीच वर्षं झाली, मुलं बांगला बोलतात, मी ईस्ट बंगालचा झालो.

इथली दुश्मनी तुमच्या पेठांपेक्षा जुनी. मोहन बागाननं १९११ मध्ये अनवाणी खेळून इंग्रजी पलटणीला हरवलं, तो अख्ख्या देशाचा अभिमान. ईस्ट बंगाल १९२० चा. फाळणीनंतर पूर्वेकडून जे उखडून आले त्यांचा तो आधार. घराघरात भांडण. डर्बीच्या, म्हणजे या दोघांच्या मॅचच्या दिवशी कोळंबी की हिल्सा, यावरही. राजकारण तर रक्तात. जानेवारी २०२० च्या डर्बीत आमच्या लोकांनी भला मोठा पडदा उलगडला होता: ही माती रक्तानं घेतलीय, कागदानं नाही. नागरिकत्वाच्या वादावर एवढ्या मोजक्या शब्दांत इतकं थेट बोललेलं मी दुसरीकडे ऐकलं नाही. कुणाला पटेल, कुणाला नाही, पण पायऱ्यांवरची माणसं आपल्या जगण्याबद्दल बोलत होती.

ऑगस्ट २०२४. आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन खून झाला, शहर पेटलेलं. १८ तारखेची ड्युरँड कपची डर्बी सुरक्षेचं कारण देऊन रद्द केली. त्या संध्याकाळी मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मडन, तिन्ही क्लबांचे समर्थक स्टेडियमबाहेर जमले, न्याय मागायला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. मोहन बागानचा हिरवा-मरून घातलेला मुलगा ईस्ट बंगालच्या लाल-पिवळ्या मुलाला खांद्यावर घेऊन घोषणा देत होता. आयुष्यभर ज्याला शिव्या दिल्या त्याच्या खांद्यावर! मी पन्नाशीचा माणूस, रस्त्यावर उभा राहून रडलो.

तेव्हा पेठा एकत्र येत नाहीत हे मला सांगू नका. कारण तेवढं मोठं असलं की येतात. गुडघा गेलेला मुलगा हे कारण पुरेसं मोठं आहे की नाही, ते तुम्ही ठरवा.

सई_को

जोशीकाका, हे वाचून अंगावर काटा आला. त्या गर्दीत मुली होत्या?

साल्टलेक_जोशी

भरपूर. पुढे होत्या.

मर्सीकाठ

लिव्हरपूलहून. मी मूळची सांगलीची, इथे रुग्णालयात काम करते. लिव्हरपूल क्लबच्या ॲनफिल्ड मैदानाजवळ राहते, नवरा शहरातल्याच दुसऱ्या क्लबचा, एव्हर्टनचा, त्यामुळे घरातही डर्बी.

इथले लोक संघटित कसे झाले ते सांगते, कारण तुम्हाला उपयोगी पडेल. त्याचं मूळ दुःखात आहे. १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे समर्थक गेले, एकूण ९७. दोष समर्थकांवर ढकलला गेला. एका वर्तमानपत्रानं मेलेल्यांबद्दल खोटं छापलं, ते वर्तमानपत्र आजही इथे बहुतेक दुकानांत मिळत नाही. घरच्यांनी सत्तावीस वर्षं लढून २०१६ मध्ये ज्युरीकडून निकाल मिळवला, की समर्थकांची काही चूक नव्हती आणि ते मृत्यू बेकायदेशीर होते. माझ्या वॉर्डात एक आजी यायच्या, त्यांचा भाचा त्यात गेला. त्या निकालाचा दिवस त्या तासातासानं सांगायच्या.

त्याच साली फेब्रुवारीत क्लबनं काही तिकिटं ७७ पौंडांची करायचं ठरवलं. सुंदरलँडविरुद्ध ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून बाहेर गेले. आपला संघ जिंकत असताना! काही दिवसांत मालकांनी निर्णय मागे घेतला. दगड नाही, शिवी नाही, फक्त उठून गेले. २०२१ मध्ये युरोपातल्या बड्या क्लबांनी स्वतःच्या वेगळ्या सुपर लीगचा घाट घातला तेव्हाही समर्थक रस्त्यावर आले आणि दोन दिवसांत इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. त्यातूनच पुढे २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून फुटबॉलवर स्वतंत्र नियामक आणला. म्हणजे राजकारण खेळात आलं, पण समर्थकांच्या बाजूनं आलं.

आणि रोजच्या जगण्याचं म्हणाल तर २०१५ पासून लिव्हरपूल आणि एव्हर्टनचे समर्थक मिळून मॅचच्या दिवशी गरजूंसाठी धान्य गोळा करतात. मैदानाबाहेर व्हॅन उभी असते. लाल मफलरवाला पास्ताचं पाकीट टाकतो, त्याच्यामागे निळा मफलरवाला डबाबंद घेवडा टाकतो. मी दर वेळी काहीतरी नेते.

तांबडा_रस्सा

ताई, ते उठून जायचं लई आवडलं. आपल्याकडं फायनलला पायऱ्या एकदम रिकाम्या झाल्या तर व्यासपीठावर बसलेल्यांना काय वाटंल?

अवांतर: जूनमध्ये वर्ल्ड कप हाय. अर्जेंटिनाचं मोठं पोस्टर लावायचं ठरलंय आमच्या चौकात, पलीकडं ब्राझीलवाले हायतच. २०२२ ला फायनलनंतर आम्ही रात्रभर नाचलो होतो. मॅच रात्री उशिरा आणि पहाटे हायत, तरी बघणार.

पीटीचे_सर

लाव रे बाबा पोस्टर. मीही बघायला येईन. पण त्या पोस्टरच्या वर्गणीतून चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी चेंडू घेता आले तर बघ. आमच्याकडे वीस-बावीस मुलांत एक चेंडू आहे, आणि त्याचीही शिवण उसवलीय.

मेस्सीवरून आठवलं. डिसेंबर २०२५ मध्ये तो वानखेडेवर आला तेव्हा राज्य सरकारनं तेरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी महादेवा प्रकल्प सुरू केला. निवडलेल्या मुलामुलींना शिष्यवृत्ती आहे, चांगलं पाऊल आहे. पण राज्यातून जेमतेम काही डझन मुलं. जी मुलं निवडीत बसणार नाहीत, त्यांच्यासाठी तालुक्याच्या मैदानावर कोण उभं राहणार? मला त्यांची काळजी आहे. निवडलेल्यांची काळजी घ्यायला लोक आहेत.

साल्टलेक_जोशी

त्याच दौऱ्यात आदल्या दिवशी आमच्याकडे साल्टलेकला काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. लोकांनी हजारो रुपये मोजले, आणि मेस्सीभोवती नेते आणि बडी मंडळी यांचा असा गराडा की गॅलरीतल्यांना तो दिसलाच नाही. खुर्च्या मोडल्या लोकांनी. मोडतोड चुकीचीच. पण महिन्याचा पगार घालून मुलाला घेऊन आलेल्या बापाच्या चेहऱ्याकडे बघून मला त्याला काही बोलता आलं नाही.

रंकाळा_वारा

बरीच चर्चा झाली, आता कामाचं. केएसए, स्पर्धांचे आयोजक आणि नव्यानं निवडून आलेले नगरसेवक, तिघांना एकच पत्र द्यायचं. कच्चा मजकूर असा डोक्यात आहे:

आम्ही वेगवेगळ्या संघांचे समर्थक आहोत. स्पर्धेच्या बक्षिसाच्या रकमेतून ठरावीक हिस्सा बाजूला काढून नोंदणीकृत प्रत्येक खेळाडूचा अपघात विमा उतरवावा, आणि प्रत्येक मॅचला मैदानावर फिजिओ आणि रुग्णवाहिका असावी. स्पर्धेचा जमाखर्च हंगाम संपल्यावर फलकावर लावावा. शाळांची मैदानं हंगामात मांडवाला देऊ नयेत. क्रीडा कोट्यातल्या भरतीचा प्रश्न आमदार-खासदारांनी वर मांडावा, हे कूपरेज काकांचं. आणि समर्थकांकडून आमची हमी: दगडफेक करणाऱ्याला आम्ही पाठीशी घालणार नाही, मग तो आमच्या पेठेतला का असेना.

शेवटच्या वाक्यावर भांडणं होतील, मला माहीत आहे. ते काढणार नाही.

सडेतोड_को

शेवटचं वाक्य ठेवणार असाल तर माझी सही धरा. जमाखर्चाच्या मुद्द्यावर आयोजक चिडतील, म्हणून भाषा सौम्य ठेवा. त्यात "मागणी" नको, "विनंती" लिहा. आधी दार उघडू दे.

केशरी_पुणे

मी विम्याच्या क्षेत्रात काम करतो. गट अपघात विमा कसा असतो, खेळातली दुखापत त्यात कुठल्या अटीवर बसते, हे बघून टिपण करून देतो. नुसता अपघात विमा घेतला तर लिगामेंटचं ऑपरेशन त्यात बसेलच असं नाही, वैद्यकीय खर्चाचं कलम वेगळं बघावं लागेल. पत्रात आत्ताच नेमका शब्द घातलात तर नंतर पंचाईत होणार नाही.

सई_को

पत्रात मुली कुठे आहेत? मुलींचा गट, बायकांसाठी वेगळी बसायची जागा आणि उघडं स्वच्छतागृह हे पहिल्या परिच्छेदात घ्या. शेवटी "तसेच" म्हणून चिकटवलंत तर मी सही करणार नाही. घेतलंत तर मंगळवार पेठेतल्या सह्या मी आणि माझ्या मैत्रिणी गोळा करतो.

रंकाळा_वारा

घेतलं. पहिल्याच परिच्छेदात. सुधारलेला मजकूर आज रात्री इथेच टाकतो.

तांबडा_रस्सा

शिवाजी पेठ माझ्याकडं लागली. रविवारी मॅचच्या आधी गेटवर उभा राहतो, कागद आणि पेन घेऊन. पलीकडच्या पेठेतलं कोण येणार असंल तर नंबर मेसेज करा, दोघं मिळून उभारू.